गोवराचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने रोगराईवर लेख लिहावा, हे आमच्या विज्ञान शाखेच्या मित्रमैत्रिणींना कदाचित आगाऊपणाचे वाटेल. परंतु गोवराविषयी वाचू लागले तेव्हा असे ध्यानात आले की, या विषयातील निम्मे शास्त्र वैद्यकाचे असले तरी उरलेले निम्मे हिशेबाचे आहे. किती मुले जन्मली, किती मुलांना लस मिळाली, किती राहिली आणि राहिलेली मुले पुढील वर्षाच्या खात्यात कशी ओढली जातात, हे ज्याला समजले त्याला गोवराची साथ का येते हेही समजते. तो हिशेब मांडणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लस हा विषय आपल्या बेळगावला परका नाही. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर आपण सकाळी फिरायला जातो, पण त्या नावाचा विचार सहसा करीत नाही. त्या जागी एके काळी देवीची लस तयार होत असे. पुढे देवीचा रोग जगातून नाहीसा झाला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने तसे जाहीर केले. गोवर मात्र लस असूनही राहिला. एक गेला आणि दुसरा का राहिला, हे समजण्यासाठी प्रथम रोगाची ओळख करून घेऊ.

रोगाची ओळख

आमच्या गल्लीत मराठी घरांतून याला गोवर म्हणतात, तर कन्नड घरांतून दडार. नाव कोणतेही घ्या, रोग एकच. तो एका विषाणूपासून होतो. हा विषाणू फक्त माणसातच टिकून राहतो. डासातून, पाण्यातून किंवा जनावरांतून तो येत नाही. रोगी खोकला, शिंकला किंवा नुसता श्वास सोडला तरी विषाणू हवेत जातो आणि रोगी खोलीबाहेर गेल्यानंतरही सुमारे दोन तास त्या हवेत राहू शकतो. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशी दहा माणसे रोग्याच्या सहवासात आली, तर त्यांपैकी नऊजणांना गोवर होतो. माणसाला माहीत असलेल्या सांसर्गिक रोगांत इतका झपाट्याने पसरणारा रोग क्वचितच आढळेल.

संसर्ग झाल्यापासून सुमारे दहा दिवस काहीच दिसत नाही. मग ताप चढतो, नाक वाहते, खोकला येतो, डोळे लाल होऊन पाणी गळते. याच सुमारास गालाच्या आतल्या बाजूस मिठाच्या कणांसारखे पांढुरके ठिपके दिसतात. अमेरिकन डॉक्टर हेन्री कॉपलिक यांनी १८९६ साली त्यांचे वर्णन केले म्हणून त्यांना कॉपलिकचे ठिपके म्हणतात. त्यानंतर दोन-चार दिवसांनी कानामागे व चेहऱ्यावर पुरळ उठते आणि ते खाली छातीपोटावर, हातापायांवर उतरते. पुरळ उठण्याआधी चार दिवस आणि उठल्यानंतर चार दिवस रोगी दुसऱ्याला रोग देऊ शकतो.

ही ‘आधीचे चार दिवस’ ही गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. आपल्याकडे गोवर आलेल्या मुलाला वेगळ्या खोलीत निजवितात, दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, परक्या माणसाला आत येऊ देत नाहीत. या चालीला अंधश्रद्धा म्हणून हसण्याचे कारण नाही. रोग्याला वेगळे ठेवणे हे शहाणपणच आहे. अडचण एवढीच की, डहाळा दारावर लागतो तो पुरळ दिसल्यावर. तोपर्यंत साधी सर्दी समजून ते मूल अंगणवाडीत बसलेले असते, बसमधून आजोळी जाऊन आलेले असते. जुन्या माणसांचा उपाय बरोबर, पण चार दिवस उशिराचा.

दुसरी एक समजूत मात्र घातक आहे. गोवर अंगातून पुरता बाहेर पडू द्यावा, औषधपाणी करू नये, असे अनेक घरांत अजून मानतात. वस्तुस्थिती अशी की, गोवराने मूल दगावते ते बहुधा पुरळामुळे नव्हे, तर मागून येणाऱ्या न्यूमोनियाने, जुलाबांनी आणि अशक्तपणाने. हजारात एखाद्या मुलाच्या मेंदूला सूज येते. आधीच अर्धपोटी असलेल्या मुलाच्या शरीरातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा गोवरामुळे संपतो आणि डोळे कायमचे जाऊ शकतात. म्हणूनच गोवर झालेल्या प्रत्येक मुलाला डॉक्टरांच्या देखरेखीखाली लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस द्यावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. विषाणूला मारणारे खास औषध नसले, तरी मूल वाचविण्याचे उपाय आहेत.

याखेरीज अलीकडे एक नवी गोष्ट उजेडात आली आहे. लस न घेतलेल्या मुलांचे गोवरापूर्वीचे व गोवरानंतरचे रक्त तपासून २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, इतर रोगांविरुद्ध शरीराने आधी कमावलेल्या प्रतिद्रव्यांपैकी ११ ते ७३ टक्के प्रतिद्रव्ये गोवराने पुसून टाकली. आमच्या भाषेत बोलायचे तर गोवर हा चालू वर्षाचा तोटा तर करतोच, शिवाय मागील वर्षांत साठविलेला राखीव निधीही खातो. ‘गोवर काय, सर्वांनाच येतो आणि जातो’ असे म्हणणाऱ्यांनी ही बाब ध्यानात घ्यावी.

देवी गेली, गोवर का राहिला?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. देवीचा रोगी ओळखणे सोपे होते आणि तो रोग मुख्यतः पुरळ उठू लागल्यानंतरच पसरे. त्यामुळे रोगी सापडला की त्याला वेगळे ठेवून भोवतालच्या माणसांना लस टोचली, की साखळी तुटत असे. भारतातील अखेरच्या काळात हीच पद्धत कामी आली. गोवराच्या बाबतीत मात्र रोगी ओळखू येईपर्यंत तो आपला रोग वाटून मोकळा झालेला असतो. आगीमागून पाण्याचे बंब धावविण्याचा येथे फारसा उपयोग नाही. आग लागूच नये अशी तजवीज आधी करावी लागते.

ही तजवीज किती पक्की हवी, याचा धडा डेन्मार्कच्या ताब्यातील फेरो बेटांवर १८४६ साली मिळाला. उत्तर अटलांटिक समुद्रातील या बेटांवर १७८१ नंतर ६५ वर्षे गोवर आला नव्हता. कोपनहेगनहून आलेल्या एका सुताराबरोबर तो पुन्हा आला आणि सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० हून अधिक माणसे काही महिन्यांत आजारी पडली. डॅनिश सरकारने पाठविलेल्या पीटर लुडविग पानुम या तरुण डॉक्टरने गावोगावी फिरून तारखांची नोंद केली. त्यास आढळले की, १७८१ साली लहानपणी ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्या माणसांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. मात्र त्या वेळी सुटलेल्या म्हाताऱ्यांना आता झाला.

यावरून दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एकदा गोवर झाला की जन्मभराची प्रतिकारशक्ती येते, ही पहिली. आणि गोवर नाही म्हणजे धोका नाही असे नव्हे, तर असुरक्षित माणसांची शिल्लक निमूटपणे वाढत असते, ही दुसरी. फेरो बेटांवर ती शिल्लक ६५ वर्षे साचली होती. एका प्रवाशाने ती एकदम वसूल केली.

लस आणि तिची वेळ

गोवराचा विषाणू प्रयोगशाळेत वाढविण्यात १९५४ साली बोस्टनमध्ये जॉन एंडर्स व टॉमस पीबल्स यांना यश आले. त्यापासून तयार झालेल्या लशीला अमेरिकेत १९६३ साली परवाना मिळाला. जिवंत विषाणूला दुबळे करून ही लस बनवितात. त्या पूर्वी जगात दरवर्षी सुमारे २६ लाख माणसे गोवराने मरत, असा अंदाज आहे. २०२३ साली हा आकडा सुमारे १ लाख ७ हजार होता. उतार मोठा आहे, परंतु लस असताना मेलेली ही माणसे आहेत, हे विसरता येत नाही. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, जगातील अनेक देशांना ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून जाते.

आपल्या देशात १९८५ साली सुरू झालेल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस नवव्या महिन्यानंतर देण्यास प्रारंभ झाला. नववा महिनाच का, असे आया विचारतात. आईच्या रक्तातून आलेली प्रतिद्रव्ये पहिले काही महिने बाळाचे रक्षण करतात, पण हीच प्रतिद्रव्ये लशीलाही निकामी करतात. फार लवकर टोचले तर लस वाया जाते. फार उशीर केला तर रोग आधी गाठतो. नववा महिना हा या दोहोंमधील तडजोडीचा दिवस आहे. या वयात दिलेल्या लशीने सुमारे ८५ टक्के मुले सुरक्षित होतात. उरलेल्यांसाठी दुसरा डोस हवा. तो आपल्याकडे २०१० पासून टप्प्याटप्प्याने सुरू झाला. आज पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत, गोवर-रुबेला अशी जोडलस म्हणून सरकारी केंद्रात विनामूल्य मिळतो.

शंभर मुलांचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घेऊ. सोपेपणासाठी असे समजा की, एका गावात दरवर्षी १०० मुले जन्मतात.

पहिला प्रकार : ८० मुलांना फक्त पहिला डोस मिळाला. ८५ टक्क्यांप्रमाणे ६८ मुले सुरक्षित झाली. वर्षाअखेरची शिल्लक ३२. ही शिल्लक पुढे ओढली, की दुसऱ्या वर्षी ६४ आणि तिसऱ्या वर्षी ९६.

दुसरा प्रकार : त्याच ८० मुलांना दोन्ही डोस मिळाले. पहिल्या डोसाने न साधलेल्या १२ पैकी ११ मुले दुसऱ्याने सुरक्षित झाली असे धरू. शिल्लक २१. शंभराचा आकडा पाचव्या वर्षी ओलांडला जातो.

तिसरा प्रकार : ९५ मुलांना दोन्ही डोस मिळाले. पहिल्याने सुमारे ८१ आणि दुसऱ्याने आणखी १३ मुले सुरक्षित झाली. शिल्लक केवळ ६. शंभराचा आकडा गाठण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल.

शंभराचा आकडा मी मुद्दाम धरला आहे. असुरक्षित बालकांची साचलेली संख्या एका वर्षातील जन्मांइतकी झाली की मोठ्या साथीचा धोका उभा राहतो, असा या क्षेत्रातील ठोकताळा आहे. म्हणजे पहिल्या गावात दर तीन-चार वर्षांनी साथ ठरलेली. दुसऱ्या डोसाने ११ मुले वाचली हे खरे, पण जी २० मुले केंद्रावर आलीच नाहीत, त्यांना दुसऱ्या डोसाचा काय उपयोग?

९५ टक्क्यांचा आग्रह का, याचेही उत्तर गणितात आहे. कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर गोवराचा एक रोगी १२ ते १८ जणांना रोग देतो. मध्यम म्हणून १५ धरा. त्या १५ पैकी १४ जण सुरक्षित असतील तरच एका रोग्यामागे एकच नवा रोगी होईल आणि साथ वाढणार नाही. १५ पैकी १४ म्हणजे ९३ टक्क्यांहून थोडे अधिक. १८ धरले तर सुमारे ९४.४. नऊ महिन्यांखालील तान्ही बाळे आणि ज्यांना आजारपणामुळे लस देता येत नाही अशी मुले या भिंतीच्या आडोशाने जगतात.

संख्याशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकविले आहे की, सरासरीबरोबर विचलनही पाहावे. जिल्ह्याची सरासरी ९५ टक्के आली तरी एखाद्या वस्तीत निम्मीच मुले टोचलेली असू शकतात आणि गोवर नेमका त्या वस्तीचा पत्ता शोधतो. करोनाच्या काळात नेहमीचे लसीकरण विस्कळीत झाले. २०२२ साली भारतातील सुमारे ११ लाख मुलांना गोवराचा पहिला डोसही मिळाला नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या दाट वस्तीतून साथ उठली व मुले दगावली. भारताने गोवर-रुबेला निर्मूलनासाठी २०२३ हे वर्ष ठरविले होते. ते साधले नाही आणि मुदत २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

सीमाभागाची खास अडचण

आमच्या भागापुरते पाहू. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला मोहिमेचा देशातील पहिला टप्पा सुरू झाला, त्यात कर्नाटक व गोवा होते. नऊ महिन्यांपासून पंधरा वर्षांखालील सर्व मुलांना तेव्हा लस दिली गेली. मी त्या वेळी मराठी शाळेत सहावीत होते. मोबाईलवरून नाना अफवा फिरत होत्या. वर्गातील काही मुले त्या दिवशी शाळेत आलीच नाहीत. आम्ही बाकीच्यांनी नखावर शाईची खूण घेऊन दंड चोळत दिवस काढला. महाराष्ट्रात हीच मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. म्हणजे चंदगड आणि बेळगाव यांत काही मैलांचे अंतर, पण मोहिमेत पावणेदोन वर्षांचे. विषाणूला सीमातपासणी नाका नसतो.

त्यात ऊसतोडीचा हंगाम. दिवाळीच्या सुमारास बीडकडील टोळ्या बेळगाव-कोल्हापूरच्या कारखान्यांकडे येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. त्यांच्या झोपड्यांत नऊ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतची कितीतरी बाळे असतात. गावच्या वहीत नाव आहे पण मूल नाही. येथे मूल आहे पण वहीत नाव नाही. दोन्ही खाती आपापल्या परीने जुळतात आणि मूल मात्र दोहोंतून गळते. शिवाय येथील तायी कार्ड कन्नडमधून, तेथील कार्ड मराठीतून. आई म्हणते ‘गोवराची सुई झाली’, परिचारिका विचारते ‘दडार’. भाषा न कळल्यामुळे एखाद्या मुलाचा डोस राहावा, ही दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्यासारख्यांना लाजिरवाणी गोष्ट आहे.

पत

व्यापारात भांडवलाइतकीच पत महत्त्वाची, हे आपण पहिल्या वर्षी शिकतो. लसीकरणही पतीवर चालते. आपल्याच जिल्ह्यातील रामदुर्ग तालुक्यात जानेवारी २०२२ मध्ये गोवर-रुबेला लस दिल्यानंतर तीन तान्ही बाळे दगावली. लस हाताळताना हलगर्जीपणा झाल्याचा ठपका ठेवून दोन कर्मचाऱ्यांना निलंबित करण्यात आले. या घटनेकडे डोळेझाक करून लशीचे गुणगान करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ही लस भुकटीच्या रूपात येते. ती २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागते, तिच्यासोबत आलेल्या द्रावकातच कालवावी लागते आणि कालविल्यावर चार तासांत संपवावी लागते. उरली तर फेकून द्यावी लागते. या नियमांत ढिलाई झाली तर कालविलेल्या लशीत जंतू वाढून ती जीव घेऊ शकते. म्हणून ‘कुपी कधी फोडली?’ हा प्रश्न विचारणे हा आईबापांचा हक्क आहे.

मात्र अशा घटनेनंतर लशीलाच पाठ फिरविली तर काय होते, हे प्रशांत महासागरातील सामोआ या छोट्या देशाने भोगले आहे. जुलै २०१८ मध्ये तेथे परिचारिकांनी चुकीच्या द्रवात लस कालविल्याने दोन बाळे मृत्यू पावली. सरकारने लसीकरण काही महिने थांबविले, लोकांचा विश्वास उडाला आणि लस घेणाऱ्या बाळांचे प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास घसरले. २०१९ च्या अखेरीस गोवर आला. दोन लाख वस्तीच्या त्या देशात ५,७०० हून अधिक लोक आजारी पडले व ८३ दगावले. त्यांत बहुतेक लहान मुले. डिसेंबरमध्ये दोन दिवस सारे व्यवहार बंद ठेवून, ज्या घरात लस घ्यायची राहिली आहे त्या घरापुढे लाल कापड लावण्यास सांगण्यात आले आणि पथके दारोदार फिरली. दोन मृत्यूंचा जाब विचारणे योग्यच होते. पण लस बंद पडल्याने त्याच्या चाळीसपटींहून अधिक मृत्यू पदरी आले. चूक करणाऱ्याला शिक्षा व्हावी, चौकशीचा निष्कर्ष लोकांना त्यांच्या भाषेत सांगितला जावा आणि लस चालू राहावी. पत राखण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नाही.

आपण काय करावे?

उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. एक सूचना तेवढी मांडते. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर दरवर्षी एखाद्या खेड्यात भरते. रस्तासफाई आणि वृक्षारोपण होतेच. त्यांतील दोन दिवस आपण हिशेबनिसाचे काम करावे. मराठी आणि कन्नड जाणणाऱ्या दोघादोघांच्या जोड्या करून आशा कार्यकर्त्यांबरोबर घरोघर, विशेषतः ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांत जावे. पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे कार्ड पाहून तीन रकाने भरावेत : दोन्ही डोस झालेली, एकच झालेला, एकही न झालेला. वेळ उलटली तरी पाच वर्षांपर्यंत राहिलेला डोस देता येतो, हे आईला तिच्या भाषेत सांगावे आणि यादी आरोग्य केंद्राच्या स्वाधीन करावी. सुई टोचण्याचे काम परिचारिकेचे; शिल्लक शोधून काढण्याचे काम मात्र आपल्यालाही येते, तेच तर आपण येथे शिकत आहोत.

ताळेबंदातील एखादी थकबाकी बुडीत म्हणून खर्ची टाकता येते. या खात्यातील शिल्लक तशी टाकता येत नाही, कारण तेथे रुपये नसून मुले आहेत.